बेमालूम जोड : ‘सिटी पॉइंट येथील जनरल ग्रँट’ या छायाचित्राची चिकित्सा

कागदपत्रांच्या बाबतींत आपली संशोधक मंडळी जेवढी संशयी, तेवढीच छायाचित्रांच्या बाबतींत भोळी असते, असें म्हणण्यास हरकत नाहीं. एखादी सनद हातीं आली कीं तिचा कागद, शाई, वळण, मायना, शिक्का, मोर्तब आणि मित्ती हीं सर्व आम्ही पारखून पाहतों. तिथि व वार यांचा मेळ जंत्रीशीं बसतो कीं नाहीं हें ताडून पाहिल्याखेरीज तिला अस्सल म्हणत नाहीं. पण त्याच दप्तरांतून एखादें जुनें छायाचित्र निघालें, तर पाठीवरील नांव वाचून तें आम्ही निःशंकपणें छापतों. यंत्रानें काढलेलें चित्र खोटें कसें बोलेल, हा या विश्वासाचा पाया होय. यंत्र खोटें बोलत नाहीं हें खरें. परंतु तीन निरनिराळ्या प्रसंगीं यंत्रानें बोललेलीं तीन खरीं वाक्यें एकत्र शिवून त्यांचें एक खोटें वाक्य करितां येतें. तें कसें करितात, तें ओळखावें कसें, आणि ओळखल्यावर त्या चित्राचें काय करावें, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून येथें पाहण्याचें योजिलें आहे. उदाहरण अमेरिकेंतील आहे. पण त्यांतील दोष व त्या दोषाचें निदान हीं दोन्ही आपल्या पोथ्यांना व सनदांना इतकीं लागू पडतात कीं, तें परकें वाटूं नये.

वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयांत ‘सिटी पॉइंट येथील जनरल ग्रँट’ या नांवाचें एक छायाचित्र आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललें. त्यांत उत्तरेकडील संघराज्याच्या सर्व सैन्यांचें आधिपत्य मार्च १८६४ पासून युलिसिस ग्रँट याजकडे होतें. व्हर्जिनिया प्रांतांत जेम्स व अ‍ॅपोमॅटॉक्स या नद्यांच्या संगमावर सिटी पॉइंट म्हणून ठिकाण आहे. पीटर्सबर्गच्या वेढ्याच्या काळांत, म्हणजे जून १८६४ पासून पुढें, ग्रँटचें ठाणें तेथें होतें. चित्रांत मध्यभागीं ग्रँट घोड्यावर बसलेला आहे, आणि मागें लष्करी तळ व माणसांची गर्दी पसरलेली आहे. आपल्या फौजेच्या मधोमध निश्चल बसलेला सेनापति, असा या चित्राचा एकंदर भाव आहे. चित्र पाहणाऱ्याच्या मनांत सिटी पॉइंट, ग्रँट व त्याची फौज या तीन गोष्टी एकदम ठसतात.

यांतील एकही गोष्ट चित्रांत नाहीं. ग्रंथालयानें आपल्याच संग्रहांतील चित्रें ताडून पाहिलीं तेव्हां असें आढळून आलें कीं, हें एक चित्र नसून तीन चित्रांचा जोड आहे. ग्रँटचें शिर कोल्ड हार्बर येथें जून १८६४ मध्यें घेतलेल्या छायाचित्रांतून उचललें आहे. त्या मूळ चित्रांत ग्रँट आपल्या तंबूपुढें झाडाशीं उभा आहे, घोडा जवळपासही नाहीं. घोडा व त्यावरील धड हीं जुलै १८६४ च्या एका छायाचित्रांतील असून तो स्वार मेजर जनरल अलेक्झांडर मॅकडॉवेल मॅकूक हा आहे. मागील तळ सिटी पॉइंटचाही नाहीं व ग्रँटच्या फौजेचाही नाहीं. शेनान्डोआ खोऱ्यांत फिशर्स हिल येथें सप्टेंबर १८६४ मध्यें जी लढाई झाली, तींत धरलेल्या दक्षिणेकडील कैद्यांचा तो जमाव आहे. त्या लढाईंत उत्तरेचें सैन्य शेरिडनच्या हाताखालीं होतें. ग्रँट तेथें नव्हता. म्हणजे सेनापतीच्या पाठीशीं उभी असलेली जी फौज म्हणून आपण पाहतों, ती त्याच्या शत्रूची बंदिवान फौज आहे. जोड करणाराला याची विसंगति दिसली नसेल असें नाहीं. दुरून माणसें माणसांसारखींच दिसतात, एवढ्यावर त्याची भिस्त होती.

हा जोड १९०२ सालचा आहे व तो लेव्हिन कॉर्बिन हँडी याच्या नांवावर आहे. हँडी हा यादवी युद्धाच्या छायाचित्रांमुळें विख्यात झालेल्या मॅथ्यू ब्रॅडीच्या पत्नीकडून भाचा. त्याचा जन्म १८५५ चा. तेव्हां चित्रांतील प्रसंगाच्या काळीं तो अवघा नऊ वर्षांचा मुलगा होता. ग्रँट १८८५ सालीं वारला, ब्रॅडी १८९६ सालीं. ज्यांनीं ‘आम्ही असे बसलों नव्हतों’ किंवा ‘आम्हीं असें चित्र घेतलें नव्हतें’ असें म्हणावें, ते दोघेही गेल्यावर हें चित्र जन्मास आलें. बनावट सनदांचेंही असेंच असतें. देणारा, घेणारा व कारकून हे तिघे हयात असतांना त्या सहसा निघत नाहींत.

आतां या जोडाची कारागिरी पाहूं. हें चित्र पुष्कळ काळ खपलें, याचीं कारणें तीन आहेत. पहिलें कारण असें कीं, तिन्ही मूळ चित्रें एकाच वर्षांतील, उघड्यावर घेतलेलीं, आणि त्या काळीं चालू असलेल्या ओल्या कलोडियनच्या कांचेवर घेतलेलीं आहेत. त्यामुळें काळ्यापांढऱ्या छटांची जात एकच पडते. अस्सल कागदावर व त्या काळच्या शाईनें लिहिलेल्या बनावट पत्रासारखाच हा प्रकार आहे. दुसरें कारण, सांधा कोठें घालावा याची निवड. मानेचा जोड दाढी व गळपट्टी यांच्या आड जातो, आणि टोपीच्या कडेमुळें कपाळावरील उजेडाचा प्रश्न बराचसा मिटतो. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें आहे. असे जोड करण्याची त्या काळची एक पद्धति अशी होती कीं, निरनिराळ्या छापांतून आकृति कापून एका छापावर चिकटवावयाच्या, कडा कुंचल्यानें सारख्या करावयाच्या, आणि मग त्या चिकटविलेल्या चित्राचें पुन्हां छायाचित्र घ्यावयाचें. हें नवें निगेटिव्ह तयार झालें कीं कापलेल्या कागदाची जाडी, डिंक व कुंचल्याचा ओरखडा हीं सर्व नाहींशीं होतात. एकसंध पृष्ठभागावर एकसंध चित्र उरतें.

पोथ्यांशीं ज्यांचा संबंध आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. एखादा वाचक समासांत टीप लिहितो. जोंवर ती समासांत आहे व निराळ्या हाताची आहे, तोंवर तिच्याविषयीं कोणास भ्रम होत नाहीं. पुढला नकलकार ती टीप ओळींत घेतो. आणि त्याच्या सुंदर, एकसारख्या अक्षरांत मूळ व क्षेपक हीं एकाच वळणाचीं होऊन बसतात. फसवणूक समासांत होत नाहीं, ती नकलेंत होते. जोडचित्राचेंही मर्म हेंच आहे. आकृति चिकटविणें हें समासांतील टिपेसारखें. त्या चिकटविलेल्या चित्राची नक्कल काढून मूळ म्हणून पुढें करणें, हें क्षेपक होय.

मग एवढ्या सफाईनें केलेला जोड उघडा कसा पडला? त्याचे सांधे उकलल्यामुळें नव्हे. डोकें धडावर कांहींसें चमत्कारिक कोनांत बसलें आहे, एवढी एक खूण मात्र सांध्याची होती. बाकी खुणा वस्तूंच्या होत्या. अंगांतील पोशाख त्या काळीं ग्रँटनें घालावा तसा नाहीं. घोडा ग्रँटचा आवडता ‘सिनसिनाटी’ नाहीं. ग्रँट मार्च १८६४ मध्यें लेफ्टनंट जनरल झाला होता, व त्या हुद्द्याच्या खांद्यावरील निशाणीस तीन तारे असत. मेजर जनरलास दोन. येथें शिर लेफ्टनंट जनरलाचें व धड मेजर जनरलाचें असा प्रकार झाला आहे. कारागीर उजेड जुळवूं शकतो, कडा मऊ करूं शकतो, छटा सारखी करूं शकतो. परंतु दुसऱ्याच्या अंगावरून उचललेलें धड आपल्याबरोबर त्या दुसऱ्याचा हुद्दा, त्याचा घोडा व त्याचा दिवस घेऊन येतें. सांधा जितका बेमालूम, तितकें या मुक्या साक्षीदारांकडे लक्ष अधिक द्यावें, हा या उदाहरणाचा मुख्य धडा आहे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, जोड म्हटला कीं खोटा असें मानलें तर छायाचित्रकलेचा अर्धा इतिहासच बाद होईल. आक्षेप योग्य आहे. १८५० च्या दशकांत कांचेवरील रसायन निळ्या उजेडास इतकें संवेदनशील असे कीं, जमीन नीट उमटेपर्यंत आकाश कोरें पांढरें होऊन जाई. म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानें आपल्या कांहीं सागरचित्रांत पाणी एका निगेटिव्हवरून व ढग दुसऱ्यावरून छापले. ऑस्कर रेयलँडरनें १८५७ सालीं ‘जीवनाचे दोन मार्ग’ हें चित्र तिसांहून अधिक निगेटिव्ह जोडून सिद्ध केलें व तें मँचेस्टरच्या प्रदर्शनांत मांडलें. व्हिक्टोरिया राणीनें त्याची प्रत विकत घेतली. पुढल्याच वर्षीं हेन्री पीच रॉबिन्सननें मरणोन्मुख मुलीचें चित्र पांच निगेटिव्हवरून छापलें. या चित्रांवर त्या काळीं वाद माजले; पण रेयलँडरचें चित्र पाहून ‘हा प्रसंग अमुक दिवशीं अमुक घरांत घडला’ असें कोणीं लिहून ठेवावें, अशी त्या चित्राची मागणीच नव्हती. तें काव्य म्हणून पुढें आलें, बखर म्हणून नव्हे.

यावरून जोडचित्रांचे तीन वर्ग पाडणें आम्हांस सोयीचें वाटतें. पहिला वर्ग उघड जोडाचा. त्याचें उदाहरण रेयलँडर. दुसरा वर्ग पूरक जोडाचा. १८६५ सालीं ब्रॅडीच्या चित्रशाळेंत शेरमन व त्याचे सेनापति यांचें एकत्र चित्र घेतलें गेलें. फ्रान्सिस ब्लेअर हा त्या बैठकीस हजर नव्हता. त्याची आकृति मागाहून एका बाजूस बसविली. ब्लेअर त्या सेनापतींपैकीं एक होता ही गोष्ट खरी आहे. तेव्हां हें चित्र यादी म्हणून खरें, पण बैठक म्हणून खोटें आहे. तिसरा वर्ग बनावटीचा. १८७१ सालीं पॅरिस कम्यूनचा पाडाव झाल्यावर युजीन आपेर यानें ‘कम्यूनचे अपराध’ या नांवाची चित्रमाला विकली. तींत ला रोकेत तुरुंगांत २४ मे १८७१ रोजीं ओलिसांस गोळ्या घातल्याचा जो देखावा आहे, तो नटांस उभे करून व त्यांच्या धडांवर खऱ्या माणसांचीं मुखें चिकटवून बनविलेला आहे. ओलीस मारले गेले, यांत पॅरिसचा आर्चबिशप होता, हें सर्व खरें. पण तें पाहिल्याची साक्ष या चित्रास देतां येत नाहीं, आणि चित्र तर साक्षीदाराच्या थाटांत बोलतें. हँडीचें चित्र या तिसऱ्या वर्गांत बसतें. त्याचा खरा दोष कात्रींत नसून नांवांत आहे. ‘ग्रँट, तीन चित्रांवरून जोडलेला’ असें त्याखालीं छापलें असतें तर तें रॉबिन्सनच्या पंक्तीस बसलें असतें. ‘सिटी पॉइंट येथें’ या तीन शब्दांनीं त्यास बनावट केलें.

चित्रकलेंतही ही परंपरा जुनी असून तिचें एक प्रसिद्ध उदाहरण प्रत्यक्ष पुण्याचें आहे. १७९० सालच्या तहाच्या प्रसंगीं सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारांत चार्ल्स मॅलेट, असें एक मोठें तैलचित्र सध्यां लंडनच्या टेट संग्रहांत आहे. त्यावर टॉमस डॅनियल याचें नांव असून साल १८०५ आहे. परंतु पुण्यास राहून माणसांचे चेहरे टिपण्याचें काम जेम्स वेल्सनें केलें. तो पुण्यास आला १७९२ सालीं, म्हणजे तहानंतर, आणि वारला १७९५ सालीं. त्याच्या कच्च्या रेखाटनांवरून डॅनियलनें विलायतेंत चित्र पुरें केलें. तेव्हां चेहऱ्यांचा पुरावा म्हणून हें चित्र बहुमोल आहे. परंतु १७९० च्या त्या दिवशीं कोण कोणाशेजारीं बसला होता, हें त्यावरून ठरवूं जाणें धोक्याचें आहे. चेहरा एका तारखेचा, प्रसंग दुसऱ्या तारखेचा व रंग तिसऱ्या तारखेचा, अशी त्याची घडण आहे. आपल्या इतिहासग्रंथांत हें चित्र छापतांना या तीन तारखा खालीं देण्याची चाल पडावी, असें आमचें मत आहे.

आजची स्थिति हँडीच्या काळाहून फार निराळी झाली आहे. १९९० सालीं फोटोशॉप नांवाची संगणक-प्रणाली निघाली, व १९९४ च्या तिच्या तिसऱ्या आवृत्तींत ‘थर’ आले. आतां एक आकृति एका थरावर ठेवावी, तिच्या कडेवर मास्क घालावा, उजेड व रंग हवे तसे फिरवावे, आणि शेवटीं सर्व थर दाबून एक करावे. हें शेवटचें दाबणें म्हणजेच हँडीच्या काळचें पुनश्छायाचित्रण व नकलकाराची स्वच्छ प्रत. हत्यार बदललें, पण क्रिया तीच राहिली. म्हणूनच चांगला कारागीर ज्या गोष्टी जुळवितो, त्याच गोष्टी परीक्षकानें क्रमानें तपासाव्या.

त्या गोष्टी अशा. पहिली, उजेडाची दिशा. चित्रांत एकच सूर्य असेल तर प्रत्येक वस्तूच्या टोंकापासून तिच्या सावलीच्या टोंकापर्यंत काढलेल्या रेषा एकाच बिंदूकडे वळल्या पाहिजेत. नव्या आकृतीची रेषा भलतीकडे जात असेल तर ती दुसऱ्या वेळची आहे. दुसरी, डोळ्याची पातळी. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या माणसांना क्षितिजाची रेषा एकाच जागीं छेदते, मग तीं जवळ असोत वा दूर. कॅमेरा माणसाच्या डोळ्याइतक्या उंचीवर असेल तर ती सर्वांच्या डोळ्यांतून जाते. एकाच्या डोळ्यांतून व दुसऱ्याच्या कमरेंतून ती जात असेल, तर तो दुसरा फार उंच असेल, उंचवट्यावर असेल, किंवा परक्या चित्रांतून आला असेल. तिसरी, कड. भिंगाच्या ठेवणीप्रमाणें प्रत्येक वस्तूची कड ठराविक मऊ असते. अंगावरील बारकावे पुसट व कड मात्र चाकूनें कापल्यासारखी, हें लक्षण वाईट. चौथी, कण. लहान आकृति मोठी करून बसविली असल्यास तिचे कण शेजाऱ्यांहून ठसठशीत दिसतात. पांचवी, पाय. माणूस जेथें जमिनीला टेंकतो तेथें पावलाखालीं एक बारीक गडद पट्टी असते; ती नसेल तर माणूस तरंगतो. रंगीत चित्रांत सहावी भर घालावी : सावलींत आकाशाची निळी झांक येते, आणि जमिनीचा रंग हनुवटीखालीं व कपड्यांच्या घड्यांत उमटतो. परक्या आकृतीवर परक्याच जमिनीचा रंग असतो.

तथापि या सहा कसोट्यांवर फार विसंबूं नये. हीं सर्व लक्षणें ज्यास ठाऊक आहेत तो कारागीर तीं सर्व पुरीं करितो, आणि आतां तर आज्ञेबरोबर अख्खें चित्र रचून देणारीं यंत्रें निघालीं आहेत. सांध्याची परीक्षा दिवसेंदिवस दुबळी होत जाणार. उरेल ती वस्तूंची परीक्षा व वंशाची परीक्षा. हुद्दा, घोडा, पगडीची घडण, इमारतीवरील मजला, झाडाची पालवी यांची साक्ष इतर साधनांशीं ताडणें ही वस्तूंची परीक्षा. चित्र कोणापासून कोणाकडे आलें, त्याचें निगेटिव्ह कोठें आहे, त्याच बैठकीचीं इतर चित्रें कोणतीं, हें पाहणें ही वंशाची परीक्षा. ग्रँटच्या चित्राचा निकाल निर्विवाद लागला, तो संशयामुळें नव्हे, तर तिन्ही मूळ चित्रें शिल्लक होतीं म्हणून. ब्रॅडी व हँडी यांचा संग्रह १९५४ सालीं हँडीच्या मुलींकडून त्या ग्रंथालयानें विकत घेतला, व त्यांतील कांचा फेंकून दिल्या नाहींत. मूळ नष्ट झालें असतें तर आज आपण ‘पोशाख संशयास्पद आहे’ एवढेंच म्हणूं शकलों असतों, आणि पोशाखाला सबबी पुष्कळ सांगतां येतात.

यावरून आपल्या संग्राहकांचीं तीन कर्तव्यें ठरतात. पहिलें, छायाचित्राची नोंद करितांना दोन तारखा लिहाव्या : चित्रांतील प्रसंगाची म्हणून सांगितलेली, व तो कागद किंवा निगेटिव्ह तयार झाल्याची. ग्रँटच्या चित्राखालीं १८६४ व १९०२ हे दोन आंकडे शेजारीं लिहिले असते तर संशय पहिल्याच दिवशीं उत्पन्न झाला असता. दुसरें, फाटक्या व डागाळलेल्या चित्रांची संगणकावर डागडुजी करण्याची हौस हल्लीं वाढली आहे. ती करावी, परंतु न सुधारलेली प्रत शेजारीं जपावी, आणि काय पुसलें, काय भरलें, कोणास बाजूस काढलें याचें टिपण तिच्याबरोबर ठेवावें. घराण्याच्या समूहचित्रांत गैरहजर वडील मंडळींस मागाहून बसविण्यांत प्रेम असतें, कपट नसतें. पण टिपण नसेल तर दोन पिढ्यांनीं तें प्रेमच खोटा पुरावा होऊन बसतें. तिसरें, जोड उघडकीस आला म्हणून चित्र फेंकूं नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली; तिचें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें व संपूर्ण ग्रंथ १९६६ सालीं. तींत संपादकांनीं क्षेपकें जाळलीं नाहींत; तीं तळटीपांत व परिशिष्टांत जागच्या जागीं मांडून ठेविलीं. कारण क्षेपक हेंही साधनच आहे. तें मूळ ग्रंथकाराविषयीं कांहीं सांगत नसेल, परंतु घालणाराच्या काळाविषयीं पुष्कळ सांगतें.

हँडीच्या चित्राची किंमत आम्ही याच मापानें ठरवितों. १८६४ चा पुरावा म्हणून तें शून्य आहे. १९०२ चा पुरावा म्हणून तें पहिल्या प्रतीचें आहे. युद्ध संपून जवळजवळ चाळीस वर्षें झाल्यावर लोकांस आपला सेनापति कसा पाहावयास हवा होता, हें त्यावरून कळतें. कोल्ड हार्बरचा झाडाशीं उभा असलेला, चुरगळलेल्या कपड्यांतला ग्रँट त्यांस पुरला नाहीं. त्यांस घोड्यावरचा ग्रँट हवा होता, आणि मागें फौज हवी होती, मग ती कोणाची कां असेना. अस्सल चित्र त्यांच्यापाशीं होतें. त्यांतील थकलेला माणूस त्यांस नको होता, म्हणून त्याचें शिर कापून दुसऱ्याच्या धडावर ठेवलें गेलें. आपल्या थोर पुरुषांचीं जीं चित्रें आपण आज भिंतींवर लावतों व ग्रंथांत छापतों, त्यांतील किती शिरें आपल्याच धडांवर आहेत, याचा शोध प्रत्येक संग्राहकानें आपापल्या पेटींतील चित्रांपासून आरंभावा, एवढी सूचना करून हा लेख पुरा करितों.